किलो वेगळा, नग वेगळा: साखर, इथेनॉल आणि मोलचा हिशेब

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरलं होतं. सरकारने ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठल्याचं जाहीरही केलं. तेव्हापासून गाडीचं ॲव्हरेज हा कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावरचा विषय आहे. इथे त्याला जरा जास्तच धार येते, कारण बऱ्याच घरांत एक जण गाडीच्या ॲव्हरेजवरून चिडलेला असतो आणि दुसऱ्याचा ऊस त्याच इथेनॉलसाठी कारखान्यात गेलेला असतो.

या चर्चेत दोन आकडे हमखास कानावर येतात आणि दोन्ही खोटे वाटतात. पहिला: एक किलो साखर पूर्ण आंबवली तरी इथेनॉल निघतं अर्ध्या किलोच्या जरासं वर. मग उरलेली साखर गेली कुठे? दुसरा बरोबर उलटा: एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आत, पण जळल्यावर त्यातून सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो झाले कसे?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. अकरावीच्या पुस्तकातलं मोलचं गुणोत्तर वापरून ते कागदावर पाच ओळींत काढता येतात. हा धडा बहुतेकांनी मार्कांपुरता पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. त्यात विद्यार्थ्यांचा फार दोष नाही. सूत्र आधी आणि कारण नंतर, किंवा कधीच नाही, अशाच क्रमाने तो शिकवला जातो.

## समीकरणातले आकडे कशाचे?

शाळेतलं सगळ्यात ओळखीचं समीकरण घेऊ. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू होतात. रेणू म्हणजे अणूंची जुळलेली टोळी. पदार्थाचा गुण टिकवून ठेवणारा सगळ्यात लहान नग.

आता २ किलो हायड्रोजन आणि १ किलो ऑक्सिजन एकत्र करून पेटवला, तर सगळाच्या सगळा वापरला जाईल का? मुळीच नाही. त्या एक किलो ऑक्सिजनला जेमतेम १२५ ग्रॅम हायड्रोजन पुरतो, बाकीचा पावणेदोन किलोपेक्षा जास्त हायड्रोजन तसाच राहतो. समीकरणातले २ आणि १ हे नगांचे आकडे आहेत आणि आपण ते किलोला लावले. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या १६ पट जड असतो, हे त्या २ आणि १ मध्ये कुठेच दिसत नाही.

परीक्षेतल्या निम्म्या चुका इथल्याच असतात. मूल समीकरण बरोबर लिहितं, संतुलितही करतं आणि मग समीकरणातला आकडा थेट ग्रॅमला गुणतं. पुढची सगळी आकडेमोड बिनचूक, उत्तर साफ चूक.

समीकरण नगांत बोलतं आणि प्रयोगशाळेतला तराजू ग्रॅममध्ये. या दोघांच्या मध्ये एक दुभाषा लागतो. तो मोल.

## उद्यमनगरातला तराजू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नट-बोल्टच्या दुकानात जा आणि २०० जोडण्यांचा माल मागा. प्रत्येक जोडणीला १ बोल्ट, १ नट आणि २ वायसर. दुकानदार ८०० तुकडे मोजत बसणार नाही. समजा त्याचा बोल्ट ५० ग्रॅमचा, नट १५ ग्रॅमचा आणि वायसर ५ ग्रॅमचा आहे. तो १० किलो बोल्ट, ३ किलो नट आणि २ किलो वायसर जोखून देईल आणि माल नगाला नग बरोबर भरेल. नगांचं प्रमाण १, १, २. वजनाचं प्रमाण १०, ३, २. सगळ्यात जास्त नग वायसरचे, पण वजन सगळ्यात कमी त्यांचंच.

एका नगाचं वजन ठाऊक असेल तर जोखणं म्हणजेच मोजणं.

रेणूंच्या बाबतीत अडचण एवढीच, की एक रेणू कुठल्याही तराजूवर चढत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एक प्रचंड मोठा गठ्ठा ठरवला. त्यात किती नग? ६०२२ लिहून पुढे २० शून्यं द्या, जवळपास तितके. हा एक मोल. डझन म्हटलं की १२, तसं मोल म्हटलं की हा आकडा. त्याला अॅव्होगॅड्रो अंक म्हणतात, मात्र अॅव्होगॅड्रोने स्वतः तो कधी मोजला नव्हता. सारख्या तापमानाच्या आणि दाबाच्या वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूही सारखेच असतात, हा विचार त्याने १८११ मध्ये मांडला. त्याचं नाव या अंकाला फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी १९०९ मध्ये दिलं. पुढे बरीच वर्षं मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बनला बांधलेली होती. मे २०१९ पासून ती सुटली आणि हा अंकच व्याख्या म्हणून कायम झाला.

आकडा असा विचित्र का निवडला? सोयीसाठी. इतके नग घेतले की पदार्थाचं रेणुवस्तुमान आणि त्या गठ्ठ्याचं ग्रॅममधलं वजन एकच येतं. हायड्रोजनचा अणू १, कार्बनचा १२, ऑक्सिजनचा १६. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, म्हणजे १८. एक मोल पाणी १८ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइडमध्ये एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन, म्हणजे ४४. एक मोल ४४ ग्रॅम. दुकानदाराला बोल्टचं वजन पाठ असतं, तसं आपल्याला अणुवस्तुमानांच्या तक्त्यावरून हे काढता येतं.

## एक किलो साखर, पूर्ण हिशेब

साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. वजनं लावली तर १४४, २२ आणि १७६, बेरीज ३४२. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६, ऑक्सिजनचा १, बेरीज ४६.

यीस्ट आधी साखरेचा रेणू पाण्याच्या मदतीने फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. मग या दोघांपैकी प्रत्येकातून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. सगळं मिळून:

साखरेचा १ रेणू + पाण्याचा १ रेणू → इथेनॉलचे ४ रेणू + कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू

इथे कुणीतरी अडवतंच: दोन रेणूंचे आठ रेणू कसे झाले, वस्तुमान तर अक्षय्य असतं ना? असतं. अणू मोजून बघा. डावीकडे कार्बन १२, हायड्रोजन २४, ऑक्सिजन १२, उजवीकडेही तेवढेच. अणू टिकतात आणि म्हणून वजन टिकतं. रेणूंची संख्या टिकलीच पाहिजे असा काही नियम नाही. एक मोठी टोळी फुटून लहान टोळ्या झाल्या, इतकंच.

आता हिशेब. साखर १००० ग्रॅम, भागिले ३४२, म्हणजे २.९२ मोल. समीकरण सांगतं, साखरेच्या एका मोलमागे इथेनॉल चार मोल. म्हणून इथेनॉल ११.७ मोल. एका मोलचं वजन ४६ ग्रॅम, म्हणजे ५३८ ग्रॅम. लिटरमध्ये हवं असेल तर इथेनॉलची घनता ०.७८९ धरा, सुमारे ६८० मिलिलिटर होतं.

वजनाचे मोल करा, मोलला समीकरणातलं गुणोत्तर लावा, मोलचं पुन्हा वजन करा. पद्धत इथे संपली. मधली पायरी सोडून पहिल्या टोकावरून थेट तिसऱ्यावर उडी मारायची नाही, एवढं एकच पथ्य. गुणोत्तर फक्त मोलला लागतं.

उरलेल्या साखरेचं काय झालं? कार्बन डायऑक्साइडही ११.७ मोल तयार होतो. गुणिले ४४, म्हणजे ५१५ ग्रॅम. दोन्हींची बेरीज १०५३ ग्रॅम. एक किलोवरचे ५३ ग्रॅम हे आत गेलेलं पाणी. हिशेब ग्रॅमला ग्रॅम जुळतो. साखरेचा जवळजवळ अर्धा भाग वायू होऊन टाकीबाहेर जातो, हा यीस्टचा किंवा कारखान्याचा नाकर्तेपणा नव्हे. समीकरणातच तो लिहिलेला आहे. हा वायू थोडाथोडका नसतो. साध्या तापमानाला वायूचा एक मोल साधारण २४ लिटर जागा घेतो, म्हणजे एका किलो साखरेमागे २८० लिटर. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो टाकीच्या तळाशी साचून राहतो. आंबवण्याच्या टाकीत माणसाला तपासणीशिवाय उतरू देत नाहीत, ते याचसाठी. काही ठिकाणी हा वायू पकडून शीतपेयांसाठी आणि कोरड्या बर्फासाठी विकतात.

## पण त्या प्रचंड आकड्याचा उपयोग कुठे झाला?

कुठेच नाही. वरच्या हिशेबात तो एकदाही लागला नाही आणि ही शंका घेणारा विद्यार्थी वर्गातला सगळ्यात जागा विद्यार्थी समजावा. साखरेचे मोल काढताना आपण त्या आकड्याने मनातल्या मनात भागलं आणि इथेनॉलचं वजन काढताना पुन्हा त्यानेच गुणलं. तो कटून गेला. गठ्ठा केवढा आहे याने काही बिघडत नाही, सगळ्यांचा गठ्ठा सारखा असला म्हणजे झालं. म्हणून डिस्टिलरीतला केमिस्ट हवं तर ग्रॅमऐवजी किलोत किंवा टनातही हाच हिशेब करतो: ३४२ टन साखरेला १८४ टन इथेनॉल.

## कागदावर ६८०, टाकीत ६००

साखर उद्योगात ठोकळमानाने एक टन साखरेमागे ६०० लिटर इथेनॉल धरतात. आपलं गणित ६८० सांगतं. मग गणित चुकलं की कारखान्यात कुणी हात मारला?

मोलचं गुणोत्तर कमाल मर्यादा सांगतं. त्यापेक्षा जास्त मिळणं अशक्य, कमी मिळणं रोजचं. साखरेपासून अल्कोहोल किती व्हावं हे गे-ल्युसॅकने १८१५ मध्येच मांडलं होतं. ग्लुकोजसाठी ते वजनाच्या ५१.१ टक्के येतं. पुढे पाश्चरने प्रत्यक्ष मोजून दाखवलं, की सुमारे ५ टक्के साखर या वाटेने जातच नाही. यीस्ट जिवंत आहे. त्याला स्वतःची वाढ करायची असते आणि शिवाय तो थोडं ग्लिसरॉल व इतर पदार्थही बनवतो. त्यात टाकीतले नको असलेले जिवाणू, न आंबलेली साखर आणि ऊर्ध्वपातनातली गळती धरली की ६८० चे ६०० होतात, म्हणजे सुमारे ८८ टक्के.

हे कोल्हापूरच्या वाचकाला वेगळं समजवायला नको. साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनामागे किती टक्के साखर निघाली, हा शब्द इथे शेतकऱ्याच्या पोरालाही कळतो, कारण उसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर ठरते. फरक एवढाच, की साखरेचा उतारा उसात मुळात साखर किती होती यावर अवलंबून असतो आणि इथे आपण शंभर टक्के कशाला म्हणायचं हे समीकरणावरून ठरवतो. तो शंभरचा आकडा हातात नसेल तर ‘आमची डिस्टिलरी चांगली चालते’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

उलट दिशेनेही जाता येतं. १००० लिटर इथेनॉल हवं. वजन ७८९ किलो. समीकरणाप्रमाणे १८४ किलोला ३४२ किलो साखर, म्हणून १४६६ किलो. पण टाकी ८८ टक्केच देते, म्हणून १४६६ भागिले ०.८८, साधारण १६६६ किलो. इथे ०.८८ ने गुणणारे पुष्कळ भेटतात. मग उत्पादन कमी येत असतानाही साखर कमीच लागते असं अजब उत्तर मिळतं आणि ते तपासायचं कुणाला सुचत नाही.

## गंधक आणि चुना: आधी कोण संपतं?

आतापर्यंत एकच पदार्थ मोजका होता. खरी गंमत दोन मोजके असले की येते.

आपल्याकडे पांढरी साखर करताना बहुतेक कारखान्यांत रस गंधक आणि चुन्याने स्वच्छ करतात. (गुऱ्हाळात तेच काम थोडा चुना आणि भेंडीचा चिकट रस करतो. त्याचं रसायनशास्त्र जास्त गुंतागुंतीचं आहे, ते राहू दे.) गंधक जाळला की सल्फर डायऑक्साइड होतो. तो चुन्याच्या पाण्याबरोबर रसात सोडला की कॅल्शियम सल्फाइटचा साका धरतो आणि खाली बसताना रसातली घाण घेऊन जातो. गंधकाच्या एका अणूमागे सल्फर डायऑक्साइडचा एक रेणू, त्याच्यामागे चुन्याचा एक. साखळी कितीही लांब असली तरी गुणोत्तरं एकापुढे एक गुणत जायची. इथे ती सगळी १ आहेत, म्हणून गंधक आणि चुना नगाला नग.

समजा हाताशी १० किलो गंधक आणि १४ किलो शुद्ध कळीचा चुना आहे. आधी काय संपेल? वजन बघून कुणीही म्हणेल, गंधक; तो कमी आहे ना.

मोल काढू. गंधक ३२, म्हणून १०,००० भागिले ३२, ३१२.५ मोल. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ४० आणि ऑक्सिजन १६, एकूण ५६. १४,००० भागिले ५६, २५० मोल. आधी चुना संपतो. २५० मोल चुन्याला गंधक लागला २५० मोल, म्हणजे ८ किलो. दोन किलो गंधकाला जोडीदार उरत नाही.

उद्यमनगरात ४ किलो बोल्ट आणि दीड किलो नट घेतले तर हेच होतं. बोल्ट वजनाला कितीतरी जास्त, पण भरतात ८०, नट १००. जोडण्या ८० होणार आणि २० नट डब्यात पडून राहणार. पुढचा सगळा हिशेब आधी संपणाऱ्या मालावरून करायचा, शिल्लक राहणाऱ्याचं वजन विसरून जायचं. एक खबरदारी मात्र हवी. गुणोत्तर एकास एक नसेल तेव्हा नुसते मोल बघून कोण कमी ते ठरवता येत नाही. प्रत्येकाच्या मोलला समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागायचं आणि मग तुलना करायची. ८० बोल्ट आणि १२० वायसर असतील तर आधी वायसर संपतात, कारण ते जोडणीला दोन लागतात.

प्रत्यक्ष कारखान्यात कुणी अशी दोन पोती तोलून ओतत नाही. रसाचा सामू बघत चुना आणि वायू कमीजास्त करतात, रसातलं फॉस्फेटही थोडा चुना खातं आणि बाजारातला चुना शुद्ध नसतो. ८० टक्के शुद्ध चुना असेल तर आपल्या १४ किलोसाठी साडेसतरा किलो घ्यावा लागेल. पण महिन्याची खरेदी ठरवताना पाया हाच.

## मग वजनाचंच प्रमाण पाठ का करू नये?

रास्त प्रश्न. ३२ ला ५६, म्हणजे एक किलो गंधकाला पावणेदोन किलो चुना. हे कायम खरं आहे आणि रोज तेच काम करणारा माणूस तेच लक्षात ठेवतो. त्यात गैर काही नाही. क्लासमधल्या ‘ट्रिक’ही बहुतेक अशाच असतात.

पण प्रत्येक अभिक्रियेला वेगळं प्रमाण, आणि ते पाठ केलेलं विसरलं की मागे काहीच नाही. समीकरण आणि अणुवस्तुमानं हाताशी असली तर हवं ते प्रमाण मिनिटाभरात उभं करता येतं. शिवाय वजनाचं प्रमाण कारण सांगत नाही. गंधक आणि चुना नगाला नग जातात ही खरी गोष्ट आहे. १ ला १.७५ हा त्यांच्या अणूंच्या जडपणाचा परिणाम. वायूंच्या बाबतीत तर ते अधिकच अडतं. तिथे रेणू मोजले की आकारमान आपोआप मिळतं, किलोवरून मिळत नाही.

## पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो धूर

पेट्रोल हे अनेक पदार्थांचं मिश्रण असतं. हिशेबासाठी त्याच्या जागी ऑक्टेन धरतात. त्यात कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू, एकूण ११४. एक लिटरचं वजन ७४० ग्रॅम धरलं तर साडेसहा मोल. प्रत्येकातून कार्बन डायऑक्साइडचे ८ मोल, म्हणजे ५२. गुणिले ४४: सुमारे २ किलो २८० ग्रॅम.

वजन वाढलं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. कार्बनचा १२ ग्रॅमचा मोल ऑक्सिजनचे ३२ ग्रॅम अंगावर घेऊन बाहेर पडतो. टाकीत आपण पेट्रोल भरतो. ऑक्सिजन गाडी रस्त्यावर फुकट उचलते आणि त्याचं बिल येत नाही म्हणून तो हिशेबात धरायचं राहून जातं.

तोच ऑक्सिजन मोजला की ॲव्हरेजचं कोडंही बरंचसं सुटतं. ऑक्टेनच्या एका मोलला साडेबारा मोल ऑक्सिजन लागतो. वजनात, एक किलोला साडेतीन किलो. इथेनॉलच्या एका मोलला तीन मोल पुरतात. एक किलोला २.१ किलो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. त्यावरून एक किलो पेट्रोलला साधारण १५ किलो हवा आणि इथेनॉलला ९ किलो.

‘इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, मग ॲव्हरेज वाढायला हवं,’ असं म्हणणारे भेटतात. तर्क नेमका उलटा आहे. त्या रेणूतला ऑक्सिजन आधीच जोडला गेलेला असतो, म्हणजे तेवढ्यापुरतं ते इंधन आधीच अर्धवट जळल्यासारखं असतं. जळताना द्यायची उष्णता त्याच्याकडे कमी उरते. लिटरमागे पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इथेनॉलमध्ये सुमारे २१. पाचात एक भाग इथेनॉल घातलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्के घटते. प्रत्यक्षात ॲव्हरेज किती कमी होतं ते इंजिनाच्या जुळवणीवर ठरतं. इथेनॉलचा ऑक्टेन अंक (इंधन इंजिनात वेळेआधी न पेटण्याचं माप) जास्त असल्यामुळे त्यासाठीच बनवलेलं इंजिन थोडी भरपाई करू शकतं. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर धुरात शिल्लक राहिलेला ऑक्सिजन बघून इंधन जरा वाढवतो. जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलला ही अक्कल नाही. तिची जुळवणी १५ ला १ च्या आसपास केलेली, त्यामुळे तिच्या दृष्टीने हवा जास्त होते आणि इंजिन कोरडं चालतं. ऊर्जाच कमी आहे, तेव्हा मेकॅनिककडे नेऊनही ती सहा-सात टक्क्यांची घट पूर्ण भरून येणार नाही. रबराच्या नळ्या आणि गंज हा वेगळा विषय, त्याचं उत्तर मोलमध्ये मिळत नाही.

## हाच हिशेब पंचगंगेत

पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. ‘मळीमिश्रित पाणी सोडलं’ हा आरोप आणि ‘आमचं पाणी विषारी नाही’ हा खुलासा, दोन्ही ठरलेले. खुलासा खराही असू शकतो. साखर विषारी कुठे आहे?

पाण्यात उतरलेली साखर जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. साखरेच्या एका रेणूला ऑक्सिजनचे १२ रेणू. आपली तीच पद्धत: एक किलो साखर २.९२ मोल, ऑक्सिजन ३५ मोल, गुणिले ३२, सुमारे ११२० ग्रॅम. साखरेपेक्षाही जास्त वजनाचा ऑक्सिजन.

नदीच्या एका लिटर स्वच्छ पाण्यात, आपल्याकडच्या तापमानाला, विरघळलेला ऑक्सिजन असतो ८ मिलिग्रॅमच्या आसपास. भागाकार करा. एक किलो साखर १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. माशांसाठी पाण्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणजे अर्धा गेला तरी धोक्याची रेषा आलीच, आणि तेवढ्यासाठी एका किलोचं क्षेत्र २ लाख ८० हजार लिटर होतं.

यावर आक्षेप येईल, की नदी काही बंद टाकी नाही. बरोबर. वाहत्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन पुन्हा विरघळत राहतो आणि जिवाणूंनाही साखर संपवायला वेळ लागतो. पावसाळ्यात हे सगळं पोटात घालायची पंचगंगेची ताकद मोठी असते. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी थांबलेलं असतं, ऊन तापलेलं असतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. तेव्हा खाणारे जास्त आणि साठा कमी. नाल्यातून येणारं शहराचं सांडपाणीही त्याच साठ्यावर हात टाकतं, तेव्हा सगळं खापर एकट्या कारखान्यांवर फोडूनही भागत नाही.

सांडपाण्याच्या अहवालात ‘सीओडी’ नावाचा आकडा असतो. पाण्यातली सेंद्रिय घाण रासायनिक पद्धतीने पूर्ण जाळायला लिटरमागे किती ऑक्सिजन लागेल, ते तो सांगतो. म्हणजे आपण साखरेसाठी केलेला हिशेब, फक्त प्रयोगशाळेत मोजलेला. मळीवर (साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकावर) चालणाऱ्या डिस्टिलरीच्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा सीओडी लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरात असतो. त्याच्या एका लिटरला १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे साडेबारा हजार लिटर नदीचं पाणी. अशा डिस्टिलरींना थेंबभरही बाहेर सोडायची परवानगी नसते, त्याचं कारण हा भागाकार.

प्रक्रिया केलेलं औद्योगिक सांडपाणी नदीत सोडायचं असेल तर सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. ‘आमचा सीओडी मर्यादेत आहे’ असं वाक्य वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा: रोज किती लिटर? समीकरणातल्या आकड्यांसारखंच हेही नुसतं प्रमाण आहे. माल किती आहे ते त्यावरून कळत नाही. दिवसाला १० लाख लिटर सोडत असतील तर मर्यादेत राहूनही रोज २५० किलो ऑक्सिजनची मागणी नदीकडे जाते. लिटरला ८ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ते तीन कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी झालं.